दूध संस्थेचं सॉफ्टवेअर पायथॉन २ वरून ३ वर न्यायचंय, हात घालू का?

भोगावतीकाठ
नमस्कार मंडळी.

करवीर तालुक्यातल्या सहा गावांत दूध संस्थांना मी संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. लिहिलंय मात्र मी नाही. २०१२ ला एका मित्रानं लिहिलं, तो पुण्याला नोकरीला गेला आणि सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं. काम साधं आहे. सकाळ-संध्याकाळ काटा आणि फॅट मशीन सिरियल पोर्टवरून वाचायचं, सभासदाला पावती द्यायची, दहा दिवसांनी बिल काढायचं, त्यातून पशुखाद्य आणि उचल कापायची. सगळं पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, तिच्या २.७.३ आवृत्तीवर आहे. १४ हजारांच्या आसपास ओळी, टेस्ट (कोड आपोआप तपासणारा प्रोग्राम) एकही नाही.

आजवर मी त्याला हात लावला नव्हता. पण एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीनं जुनं टीएलएस (इंटरनेटवरची सुरक्षित जोडणी) बंद केलं आणि सभासदांना दुधाचे मेसेज जायचे थांबले. मेसेज नाही म्हणजे दूध मोजलंच नाही असा गावात समज. एक सचिव रोज सकाळी सहाला फोन करतात.

तर प्रश्न असा: आता एकदाच काय ते ३ वर न्यावं का? आणि ३ मधल्या कुठल्या आवृत्तीवर? संस्थेतले पीसी विंडोज ७ चे आहेत, ३२ बिट, रॅम २ जीबी. नवे घ्या म्हटलं तर सचिव म्हणतात, मासिक सभेत मांडतो. ती सभा मी चार वर्षं ऐकतोय.

पेठेतला_गणू
चालत्या गाड्याला खीळ कशाला घालालायस भावा? एसएमएस तेवढा दुसऱ्या पीसीवरनं पाठव आणि गप झोप.

उद्यमनगरवाला
गणूशी सहमत. आमच्या फाउंड्रीचं बिलिंग आजही फॉक्सप्रोत (मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) आहे. मायक्रोसॉफ्टनं २००७ लाच सांगितलं की नववी आवृत्ती शेवटची, २०१५ ला सपोर्टही संपला. आमचा प्रोग्राम काय बंद पडला नाही. कास्टिंगचं वजन किलोत येतं, दर येतो, गुणाकार होतो. गुणाकारात नवीन काय निघणार?

सायली_क
गुणाकारात नाही निघत काका, भागाकारात निघतं. त्यावर पुढे लिहिते.

@भोगावतीकाठ, आधी घरातली आग विझवा. २.७.३ च्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये ओपनएसएसएल ०.९.८ (टीएलएस पुरवणारी लायब्ररी) येतं, त्याला टीएलएस १.२ येतच नाही. त्याजागी २.७.१८ टाका. २ च्या मालिकेतली ती शेवटची आवृत्ती, एप्रिल २०२०. कोडमध्ये बहुतेक काही बदलावं लागणार नाही, मेसेज सुरू होतील आणि सचिव सहाला फोन करायचे थांबतील. ३ वर जायचं काम त्यानंतर, शांत डोक्यानं करा.

भोगावतीकाठ
ताई, हे माहीतच नव्हतं. उद्या एका संस्थेत टाकून बघतो.

मी_कळंबेकर
पायथॉन म्हणजे अजगर ना? मग कात टाकायला एवढा वेळ का?

सायली_क
वेळ अजगरानं नाही, आपण लावला. ३.० आलं डिसेंबर २००८ ला. २.७ आलं २०१० ला, आणि ते २०१५ ला बंद होणार असं ठरलं होतं. लोक हलेनात म्हणून मुदत २०२० पर्यंत वाढवली. १ जानेवारी २०२० ला खरंच संपवलं.

पेठेतला_गणू
बारा वर्षांची नोटीस? एवढ्यात आमच्या गल्लीतला रस्ता तीनदा उकरून तीनदा बुजवला.

हिंजवडीत_अडकलेला
मूळचा जयसिंगपूरचा, सध्या पुण्यात. आमच्याकडे जावा (दुसरी एक भाषा) ८ वरून १७ वर नेलं. तीन महिन्यांचं ठरलं होतं, अकरा लागले. ११ मध्ये जॅक्सबी (एक्सएमएल वाचायची लायब्ररी) काढून टाकलेलं कुणाच्या लक्षात नव्हतं. पण तिथं निदान कंपायलर (कोड चालण्याआधी तपासणारा) ओरडतो. तुमच्या पायथॉनमध्ये गिऱ्हाईक ओरडेपर्यंत कळत नाही.

सायली_क
अगदी हाच मुद्दा लिहायला बसले होते.

३ वर गेल्यावर ज्या चुका एरर देतात त्यांना घाबरायचं कारण नाही. प्रिंटला कंस नाही, हॅज-की उरलेलं नाही, हे पहिल्या दिवशीच कळतं आणि दुपारपर्यंत संपतं. काम किती ते मोजताना तीन गोष्टी धरा, ज्या काहीही न बोलता वेगळं उत्तर देतात.

पहिली, भागाकार. २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांक गळून पडतो. ५ भागिले २ म्हणजे २. तेच ३ मध्ये २.५ होतं. तुमच्या उचलीचे हप्ते बघा. ५००० चे तीन हप्ते जुन्या कोडमध्ये १६६६ चे असतील आणि उरलेले दोन रुपये शेवटच्या हप्त्यात घातले असतील. ३ मध्ये पावतीवर १६६६.६६ आणि पुढे सहाची रांग छापून येईल. टू-टू-थ्री नावाचं रूपांतराचं हत्यार याला हात लावत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याला कळणार कसं? आणि तसंही ते हत्यार ३.१३ पासून पायथॉनबरोबर येत नाही.

दुसरी, सिरियल पोर्ट. ३ मध्ये तिथून बाइट्स (कच्चे आकडे) येतात, स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर) नाही. बाइट्सची स्ट्रिंगशी तुलना केली तर एरर येत नाही, नुसतं ‘फॉल्स’ (जुळत नाही) येतं. आणि ओळीतला पहिला बाइट काढायला गेलात तर अक्षराऐवजी आकडा हातात येतो.

याचा मला बसलेला फटका सांगते. एका गोदामाच्या वजनकाट्याचं काम होतं. वजन स्थिर झालं की काटा ओळीत ‘एस’ हे अक्षर पाठवायचा. कोडमध्ये होतं, ‘एस’ येईपर्यंत थांब. ३ वर नेलं आणि काटा स्थिरच होईना. मालक म्हणाले काट्यात बिघाड आहे, आणि मीही मान डोलावली. काटेवाला माणूस आला, त्यानं तीन वेळा वजनं ठेवून कॅलिब्रेट केलं, पैसे घेऊन गेला. चौथ्या दिवशी मला कळलं की काटा पहिल्यापासून ‘एस’ पाठवत होता, माझाच कोड त्याला ओळखत नव्हता. त्या काटेवाल्यासमोर आजही मान वर होत नाही.

म्हणून ३ वर चाचणी घेताना पायथॉनला डॅश-बीबी हा फ्लॅग (चालवताना जोडायची सूचना) द्या. मग अशी तुलना झाली की तिथल्या तिथे एरर येते. आणि त्याआधी जुन्या २.७ वरच डॅश-३ देऊन आठवडाभर चालवा. पूर्णांकांचे भागाकार कुठे-कुठे होतात ते तो ओळ क्रमांकासकट सांगतो.

तिसरी राऊंड, म्हणजे आकडा पूर्ण करणं, पण त्यावर कुणीतरी दुसरं लिहा, माझा पोळ्यांचा तवा तापलाय.

व्याजाचं_गणित
राऊंडवर मी लिहितो, एका पतसंस्थेचं काम केलंय.

बरोबर अर्धा आला की २ वर ढकलायचा. १२५०.५ चे १२५१. ३ मध्ये तो जवळच्या सम संख्येकडे जातो, म्हणजे १२५०.५ चे १२५०. पण १२५१.५ चे दोन्हीकडे १२५२ च. त्यामुळे एका खातेदाराचा रुपया कमी होतो आणि शेजारच्याचा होत नाही. दोघं पासबुकं घेऊन एकदम काउंटरवर येतात. ‘सम संख्या’ वगैरे समजावून सांगायला गेलो तर मला म्हणाले, माझा खातेक्रमांक विषम आहे म्हणून काय?

पैशासाठी डेसिमल (नेमक्या दशांशाचा आकडा) वापरा आणि त्याला ‘राऊंड हाफ अप’ (अर्धा वर) सांगा. आकडा डेसिमलला देताना स्ट्रिंग म्हणून द्या, फ्लोट (अंदाजे दशांश) म्हणून नको.

उद्यमनगरवाला
एका रुपयासाठी एवढं?

व्याजाचं_गणित
काका, तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाला टनाचा हिशोब देता. दूध घालणाऱ्या बाईला दहा दिवसांचं बिल पाठ असतं. रुपया कमी आला तर ती संस्थेच्या दारात उभी राहते, आणि बरोबरच करते.

कागलकर
मराठी नावांवर कुणीच बोललं नाही अजून. सभासदांची यादी मराठीत आहे का? असेल तर माझा किस्सा ऐका.

यादी यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) टेक्स्ट फाइलला होती. २ वर बाइट जसेच्या तसे आत आणि बाहेर, कुणाला काही कळायचं नाही. ३ वर विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर ते विंडोजचं म्हणजे सीपी-१२५२ धरतं. पहिल्यांदा चालवलं तर पाटील, जाधव, शिंदे, भोसले हे सगळे आत आले, फक्त टोप्या-शेंड्या घातलेल्या इंग्रजी अक्षरांच्या वेशात. कुलकर्णी आला की प्रोग्राम आडवा. कुलकर्णींना काढलं तर चव्हाणांवर आडवा. मग सुतारांवर.

दोन दिवस मी आडनावांकडे बघत बसलो. कारण निघालं ते असं: पाय मोडायचं चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, त्यातला शेवटचा आठ-डी (सोळाच्या पद्धतीतला आकडा). सीपी-१२५२ मध्ये त्या जागेवर अक्षरच नाही. पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट आठ-एक, तिथेही रिकामी जागा. म्हणजे जोडाक्षर किंवा ऱ्हस्व उकार असलेला माणूस नापास, बाकीचे बहुतेक वेशांतर करून पास.

उपाय एका ओळीचा. फाइल उघडताना प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. ३.१५ पासून तेच आपोआप धरलं जाणार आहे, पण विंडोज ७ वाल्यांना त्याचा काय उपयोग.

कुलकर्णी_शाहूपुरी
निषेध. 😄

मी_कळंबेकर
पाटील कुठंही पास होतात हे सांगायला अजगर कशाला पाहिजे होता?

सायली_क
@कागलकर, जबरदस्त. त्यात भर घालते. ‘कोल्हापूर’ची लांबी २ मध्ये साध्या स्ट्रिंगला विचारली तर २७ येते, ३ मध्ये ९. नाव छोटं करून छापायचा कोड कुठे असेल तर तिथे आकडा बाइटांचा आहे की अक्षरांचा ते बघा.

आणि फोन नंबर तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर तपासायचा साचा) ‘कुठलाही अंक’ असं लिहिलं असेल, तर ३ मध्ये देवनागरी अंकही त्यात बसतात. ९८ असं मराठीत टाइप केलं तरी नंबर पास होतो, आणि पुढे एसएमएसवाला तो नाकारतो.

(धाग्याच्या नियमामुळे सगळं देवनागरीत लिहितेय. मशीनवर फ्लॅग देवनागरीत टाकून चालत नाही म्हणून कुणी व्यनि (खाजगी निरोप) करू नका.)

भोगावतीकाठ
छापताना नाव ३० वर कापलंय. शेजारी मित्राची टीप आहे, ‘दहा अक्षरं’. आज कळलं ती टीप तशी का आहे.

२.७.१८ टाकलं. मेसेज गेले. सचिवांचा आज फोन नाही, चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

क्लाउडचा_राजा
अहो, कशाला हे सगळं? फेकून द्या. नवीन वेब ॲप करा, सर्व्हर क्लाउडवर, संस्थेत फक्त ब्राउझर. २०१२ चा कोड सांभाळणं म्हणजे नुसती हौस.

भोगावतीकाठ
दादा, जुलैत आमच्या गावात या. सकाळी साडेपाचला रांग लागलेली असते, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर काटा चालू आणि मोबाइलला एक कांडी. ब्राउझर गोल-गोल फिरत बसला तर दूध कॅनमध्ये ओतायचं की घरी न्यायचं?

हिंजवडीत_अडकलेला
फेकून नवीन लिहिण्यात अजून एक गोम आहे. जुन्या कोडमध्ये बारा वर्षांची भांडणं मिटवलेली असतात. ती कुठेही लिहिलेली नसतात, फक्त कोडमध्ये असतात.

पेठेतला_गणू
बॅकअप हाय न्हवं? २०१९ ला आमच्या दुकानाचा पीसी माळ्यावर ठेवलावता, पाणी माळ्यावर आलं.

मी_कळंबेकर
त्या ऑगस्टात शिरोलीला हायवे बंद, मी कागलातच अडकलो होतो. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर. रोज सकाळी उठून फूट-इंच विचारायचे एवढाच धंदा होता.

कागलकर
आमच्याकडे दोन ट्रकवाले जेवायला होते सहा दिवस. एक तमिळ, एक पंजाबी. आई तिघांना एकाच मराठीत बोलायची, तिसरा मी.

व्याजाचं_गणित
धागा पाण्यात गेला. परत वर काढा कुणीतरी.

भोगावतीकाठ
काढतो, कारण पुराचा संबंध आहेच. मित्राच्या फोल्डरात दोन प्रती आहेत. एकीचं नाव ‘पुराआधी’, दुसरीचं ‘पुरानंतर’. मी आजवर ‘पुरानंतर’ हीच खरी धरून चाललो होतो. काल सहाही संस्थांतल्या फाइली आणून ताडल्या. दोन गावांत ‘पुराआधी’ चालू आहे, आणि एका गावात तिसरीच, जी माझ्याकडे नाहीच.

सायली_क
मग ३ वर जायच्या आधी ते. सहाही ठिकाणचा कोड गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) घाला, एकच प्रत करा, ती जुन्या २.७.१८ वरच सगळीकडे चालवा. दोन बदल एका वेळी केलेत तर बिल का बदललं ते सांगता येणार नाही.

आवृत्तीचं विचारलं होतंत. विंडोज ७ वर चालणारी शेवटची ३.८. तिचाही सपोर्ट ऑक्टोबर २०२४ ला संपलाय, पण ३.८ वर नीट चाललेला कोड पुढे नेणं त्यामानानं सोपं. २ ते ३ ही खिंड एकदा ओलांडली की मग घाट उतरणीचा.

उद्यमनगरवाला
तपासणार कसं पण? टेस्ट नाहीत म्हणता.

व्याजाचं_गणित
बिलं हीच टेस्ट. महिन्याला तीन, वर्षाला ३६ बिलं होतात. गेल्या वर्षीचं सगळं कच्चं संकलन नव्या कोडला खायला घाला आणि निघालेली बिलं जुन्या बिलांशी पैशापैशानं ताडा. जिथे फरक पडेल तिथे बोट ठेवा. आम्ही पतसंस्थेत असंच केलं.

भोगावतीकाठ
(सात आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय. एका संस्थेची ३६ बिलं ताडून झाली. जमलेलं आणि फसलेलं दोन्ही सांगतो.

पहिल्या फेरीत जवळपास प्रत्येक बिलात फरक. सायलीताईंनी सांगितलेले उचलीचे हप्ते निघाले, सहाची रांग पावतीच्या कागदाबाहेर गेली होती. भागाकाराची चिन्हं एकेक बघून दुरुस्त केली. राऊंड डेसिमलवर नेला. डॅश-बीबीनं फॅट मशीनच्या कोडमध्ये दोन जागा पकडल्या. एक नवीनच निघालं: काही जुन्या सभासदांना क्रमांकच नाही, रिकामी जागा. २ मध्ये रिकामं सगळ्यात लहान धरून ते यादीत पहिले यायचे. ३ मध्ये रिकाम्याची आकड्याशी तुलना म्हटली की सरळ एरर. त्यांना क्रमांक दिले.

आता खरी गोष्ट. सगळी बिलं जुळली, पण महिन्याचा गुणवत्ता अहवाल जुळेना. नव्या कोडमध्ये एसएनएफची (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सरासरी जास्त यायची. तीन रात्री मी माझी चूक शोधत होतो. एसएनएफ काढताना सीएलआरला (लॅक्टोमीटरचा दुरुस्त आकडा) ४ नं भागतात, त्यात फॅटचा पाचवा हिस्सा आणि एक ठरलेला आकडा मिळवतात. बिलाच्या कोडमध्ये मित्रानं ४.० लिहिलं होतं. अहवालाच्या कोडमध्ये नुसतं ४. सीएलआर २८ असेल तर ७, ते बरोबर. २७ असेल तर ६.७५ यायला हवं, जुना कोड ६ धरायचा. पाऊण पॉइंट गायब.

म्हणजे नवा कोड बरोबर होता आणि जुना अहवाल बारा वर्षं चुकत होता. पैसे कुणाचे बुडाले नाहीत, बिल पहिल्यापासून नीट होतं. पण सचिव दर मासिक सभेला तो अहवाल वाचून दाखवायचे आणि दूध पातळ येतंय म्हणून सभासदांना झापायचे. एका आज्जींना तर सगळ्यांसमोर विचारलं होतं, म्हशीला नुसतं पाणीच पाजता का म्हणून.

सचिवांना दाखवलं. बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, “आता हे सभेत मी सांगू की तुम्ही सांगता?”

पेठेतला_गणू
आज्जीची म्हस निर्दोष सुटली. नाद खुळा!

उद्यमनगरवाला
आमच्या प्रोग्राममध्ये भागाकार कुठे आहेत ते मुलाला बघायला सांगितलंय. फक्त बघायला.

कुलकर्णी_शाहूपुरी
सभेत कुणी सांगितलं शेवटी?

भोगावतीकाठ
मीच. आज्जी पहिल्या रांगेत होत्या. काही बोलल्या नाहीत, सचिवांकडे बघून पदर नीट केला फक्त.

उरलेल्या पाच गावांचं काम दिवाळीनंतर. आधी दिवाळीचा दूध फरक (वर्षभराच्या दुधावर सभासदांना मिळणारे जादा पैसे) वाटून होऊ दे, मग निवांत.

सायली_क
फरकाचा हिशोब ताडलात? तो वर्षातून एकदाच चालतो, तुमच्या ३६ बिलांत आलेला नसणार.

भोगावतीकाठ
आत्ता फाइल उघडून बघितली. भागाकार आहे. चार ठिकाणी.